अकरा सेंटिमीटर जंगल

दहावं वर्तुळ जस्टिना थीसेनच्या स्वयंपाकघरात पडलं.

वर्तुळं कुठे पडणार हे आम्ही ठरवत नाही. कार्यालयातला संगणक नकाशावर दहा ठिपके टाकतो. आम्ही त्या ठिपक्यावर जाऊन खुंटी ठोकायची, तिला ३.९९ मीटरची दोरी बांधायची आणि दोरी फिरेल तेवढ्या जागेतली पाइनची रोपं मोजायची. ही जागा बरोबर पन्नास चौरस मीटर भरते. माझ्या हातातलं यंत्र दाखवत होतं की ठिपका चूल आणि जेवणाचं टेबल यांच्या मधोमध आहे.

"खुंटी कुठे ठोकतेस? फळीत?" डेल्फिनने विचारलं. डेल्फिन अँटवान पंचवीस वर्षं हे काम करते. मी, मारित लुंडग्रेन, पाच महिने.

"जरा थांब. मी साहेबांना विचारते."

जस्टिनाबाई चुलीशी बॅनॉकची जाड भाकरी उलटत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "विचार, विचार. आणि मला अंड्यांचं दुकान कधी उघडणार तेही विचार. त्यालाच सगळं माहीत असतं."

सॅटेलाइट फोनवर ऑस्ट्रँडर साहेब आले. मी परिस्थिती सांगितली.

"ठिपका पाण्यात आहे का?"

"नाही."

"रस्त्यावर? उघड्या खडकावर?"

"नाही साहेब, घरात आहे. समोर चूल आहे."

"ठिपका हलवायची कारणं तीनच आहेत, पाणी, रस्ता, खडक. घर त्यात नाही. मोजा."

"पण घरात झाडं कशी असतील?"

"मग शून्य लिहा," ते म्हणाले. फोन बंद झाला.

शून्य लिहिणं सोपं होतं. पण शून्य लिहिलं तर जस्टिनाबाईंचं जंगल जाणार होतं.

हे चाळीस हेक्टर पाइन पंधरा वर्षांपूर्वी सालीतल्या भुंगेऱ्यांनी मारले. तांदळाच्या दाण्याएवढा काळा किडा. एका उन्हाळ्यात अख्खा डोंगर लाल झाला, तिसऱ्या वर्षी करडा. बाकीच्यांनी आपापली मेलेली झाडं कापून विकली. जस्टिनाबाईंनी एकही कापलं नाही. नवरा तेव्हा जिवंत होता, तो म्हणाला, निदान कुंपणापुरतं तरी कापू. या म्हणाल्या, मेलेल्याला कसली घाई आहे?

आता कार्यालयाचं म्हणणं असं की पंधरा वर्षं झाली, जंगल परत आलं आहे की नाही ते एकदा ठरवून टाकू. आलं असेल तर हात लावायचा नाही. नसेल तर ऑक्टोबरमध्ये बुलडोझर येणार, उभं-आडवं सगळं लोटून ढीग करणार, जाळणार आणि रांगेत नवी रोपं लावणार. परत आलं म्हणजे किती? दहा वर्तुळांत मिळून पस्तीस झाडं.

नऊ वर्तुळांत आमची बत्तीस झाली होती.

तुम्ही तिथे उभे राहिलात तर हा आकडा तुम्हाला वेड्यासारखा वाटेल. चौथ्या वर्तुळात मी एकशे एकेचाळीस रोपं मोजली. मेलेली झाडं वाऱ्याने आडवी झाली, त्यांचे शंकू जमिनीवर आले, उन्हाने तापले, त्यांना घट्ट बंद ठेवणारी राळ वितळली आणि बी मोकळं झालं. रोपं इतकी दाट होती की डेल्फिनला पाय टाकायला जागा नव्हती. पण एका वर्तुळात सहापेक्षा जास्त मोजायची नाहीत असा नियम आहे. शिवाय छातीएवढी उंची हवी, आणि दोन झाडांत दोन मीटर अंतर हवं. दोन मीटरच्या आत असलेली दोन झाडं मिळून एक.

सातव्या वर्तुळात मी एका बारीक झाडाला गिरमिटाने भोक पाडून लाकडाची काडी काढून पाहिली. डोंगर लाल झाला त्या वर्षापर्यंतची वलयं केसाएवढी बारीक होती, भिंगाशिवाय मोजता येत नव्हती. त्यानंतरचं प्रत्येक वलय माझ्या नखाएवढं रुंद. भुंगेऱ्यांना जाड झाडं लागतात, हे बारीक म्हणून त्यांनी सोडलं होतं. मोठ्यांच्या सावलीत साठ वर्षं कसंबसं जगलं आणि मोठे मेल्यावर एकदम उंच झालं. ते एकटंच होतं, म्हणून एक मोजलं.

"नऊ वर्तुळांत बत्तीस," मी जस्टिनाबाईंना सांगितलं. "इथे तीन लागतील."

"तीनच ना? मग दाराबाहेर बघा. दोरी लांब आहे तुमची."

दोरी खरंच लांब होती. मी चुलीपाशी टोक धरलं. डेल्फिन दुसरं टोक घेऊन खिडकीतून बाहेर गेली आणि घराला प्रदक्षिणा घालून दारातून आत आली. भिंतीबाहेर चहूबाजूंनी जेमतेम दीड मीटरची पट्टी वर्तुळात येत होती.

"एकही नाही," डेल्फिन म्हणाली. "जमीन चमच्याने खरवडल्यासारखी साफ आहे. आंटी, इथली रोपं कुणी उपटली?"

"मी उपटली. अग्निशमनवाल्यांचं पत्रक आलं होतं. घरापासून दहा मीटरांत झाड ठेवलं तर आग लागेल म्हणे. सरकारी पत्रक होतं, त्यावर शिक्का होता! मी दोन उन्हाळे गुडघ्यावर बसून उपटत होते."

"बाई गं," डेल्फिन म्हणाली. "एका खात्याचं ऐकलंत आणि दुसऱ्यात नापास झालात."

जस्टिनाबाईंनी भाकरी ताटलीत काढली, वर सस्कटून नावाच्या रानबेरीचा मुरंबा घातला आणि आमच्यासमोर ठेवली. आम्ही खाल्ली. मला कागदावर शून्य दिसत होतं. मग छपरावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला.

"खार," त्या म्हणाल्या. "मेली माझे शंकू नेऊन धुराड्यापाशी पुरते. तिथे ऊब असते ना. वर सगळं रान माजलंय."

डेल्फिनने घास तोंडाशी नेला होता, तो तिथेच थांबला. "वर काय माजलंय, आंटी?"

घराचं छप्पर मातीचं होतं. ओंडक्यांवर बर्च झाडाची साल, त्यावर गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या. मी शिडी लावून वर गेले. धुराड्याभोवती अकरा पाइन उभे होते. खारीने पुरलेले शंकू धुराड्याच्या उष्णतेने उघडले होते. जंगलात ज्या कामाला उन्हाला कित्येक वर्षं लागली, ते इथे चुलीने एका हिवाळ्यात केलं होतं.

"मारित!" खालून डेल्फिन ओरडली. "किती?"

"अकरा! पण छातीएवढी चारच. त्यातली दोन एकमेकांना खेटून आहेत!"

"मग तीन!"

"पण छप्पर म्हणजे जमीन का?"

मी खाली येऊन नियमांची वही उघडली. कुंडीतलं झाड मोजायचं नाही, कारण कुंडी हलवता येते. झाड मातीत रुजलेलं हवं. माती कशाच्या वर असावी याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"छप्पर हलतं का?" मी विचारलं.

"नाही हलत," जस्टिनाबाई म्हणाल्या. "जॅक फिरवला तरच हलतं."

तेव्हा मला जॅक दिसला. स्वयंपाकघराच्या मध्यावर, खुंटी ठोकायची होती नेमकं तिथेच, ट्रकचा मोठा स्क्रू-जॅक लाकडी ठोकळ्यावर उभा होता. त्याच्यावर एक खांब होता आणि खांबावर छपराचं आढं, म्हणजे मधला आडवा ओंडका. इतका वेळ मी तो खांब समजून त्याला टेकून उभी होते.

"माती आणि झाडांच्या वजनाने आढ्याला तडा गेला," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. दर वर्षी चार आटे वर."

मी पुन्हा वर गेले आणि अंतरं मोजली. उत्तरेच्या उतारावरचं झाड बाकीच्यांपासून चांगलं लांब होतं. ते एक. दक्षिणेच्या उतारावर धुराड्याजवळची जोडी धरून दुसरं. तिसरं त्याच उतारावर खाली, वळचणीपाशी. जोडीपासून तिथपर्यंत मी फीत धरली. दोन मीटर पाच सेंटिमीटर.

"झालं!" डेल्फिनने टाळी वाजवली. "पस्तीस!"

"नाही झालं," मी म्हटलं, आणि मला स्वतःचाच राग आला. "हे उतारावरचं अंतर आहे. नियमात सपाट अंतर धरतात. छपराचा उतार पंधरा अंश आहे. सपाट अंतर भरतं एक मीटर अठ्ठ्याण्णव."

"दोन सेंटिमीटर?"

"दोन सेंटिमीटर."

"हिला कॉलेजात कुणी पाठवलं?" डेल्फिनने जस्टिनाबाईंना विचारलं. "अगं पोरी, दोन सेंटिमीटर म्हणजे तुझा अंगठा! अंगठा तिकडे धर!"

"कागदावर सही माझी आहे."

डेल्फिन काहीतरी बोलणार होती, पण जस्टिनाबाईंनी तिला हाताने थांबवलं. त्या दारात आल्या आणि त्यांनी बाहेर पाहिलं. करड्या उभ्या खोडांच्या मधून हिरवी टोकं वर आली होती. काही त्यांच्या खांद्याएवढी, काही घराएवढी.

"हे खोटं नको लिहूस," त्या मला म्हणाल्या. "खोट्यावर वाचलेलं जंगल मला नको. पुढच्या वर्षी कुणीतरी दुसरा फीत घेऊन येईल. पण एक सांग, तुझ्या त्या सपाट अंतराला दोन मीटर व्हायचं असेल तर काय करावं लागेल?"

"झाडं सरकवता येत नाहीत."

"झाडांचं नाही विचारलं."

मी खाली येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. "मी तुम्हाला काही करायला सांगत नाहीये," मी म्हटलं. "मी फक्त मोठ्याने गणित करतेय. उतार पंधराऐवजी साडेबारा अंश असता तर दोन मीटर भरले असते. भिंतीपासून आढ्यापर्यंत अडीच मीटर आहेत, म्हणजे आढं अकरा सेंटिमीटर खाली असतं तर."

"अकरा," जस्टिनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी जॅकचा दांडा उचलला.

"आंटी, आढ्याला तडा आहे!"

"माझं आढं, माझा तडा. तू भाकरीचा तवा धर, डेल्फी."

मी नियमांची वही पुन्हा चाळली, पहिल्या पानापासून. मोजण्याआधी मालकाने स्वतःच्या छपराचं काय करावं याबद्दलही काही नव्हतं. म्हणून मी त्यांना बाजूला केलं आणि दांडा स्वतः धरला. एका आट्याला सहा मिलिमीटर. पहिल्या पाच आट्यांत काही झालं नाही. सहाव्याला आढं कण्हलं. दहाव्याला फळीवरच्या बरण्या एकमेकींवर वाजू लागल्या. बाराव्याला धुराड्याचं नळकांडं एकात एक घुसलं, सांधा निसटला आणि सगळा धूर आत आला.

"चूल विझवायला हवी होती," डेल्फिन खोकत म्हणाली.

"भाकरी व्हायची होती ना," जस्टिनाबाई म्हणाल्या.

त्या दोघी दारात गेल्या. मी ओला रुमाल तोंडाला बांधून मोजत राहिले. अठरावा आटा फिरवला तेव्हा ओंडक्यातून बंदुकीसारखा आवाज आला. मी डोळे मिटले. छप्पर थांबलं.

डेल्फिनने वर जाऊन फीत धरली, मी उतार मोजला. साडेबारा अंश. दोन मीटर शून्य सेंटिमीटर. आम्ही तीनदा मोजलं. मग मी जॅकला गुलाबी फीत बांधली, कारण वर्तुळाच्या मध्यबिंदूला गुलाबी फीत बांधतात, आणि कागदावर तीन लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'झाडं छपरावर आहेत. मोजण्याआधी मालकिणीच्या इच्छेने आढं अकरा सेंटिमीटर उतरवलं.'

हा शेरा वाचून ऑस्ट्रँडर साहेबांचा फोन आला. "छप्पर पाण्यात आहे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "ठीक आहे," ते म्हणाले.

बुलडोझर आला नाही. कार्यालयाचं पत्र आलं की चाळीस हेक्टर जंगल आता आपल्या पायावर उभं आहे. खाली एक अट होती. मोजलेलं प्रत्येक झाड तीन मीटर होईपर्यंत कोणत्याही वर्तुळातली परिस्थिती बदलू नये.

मे महिन्यात पत्राची प्रत द्यायला मीच गेले. आत शिरताना माझं डोकं आढ्यावर आपटलं. जॅक तसाच होता, माझी फीत धुराने काळी पडली होती.

"मग हा वर कधी चढवायचा?" जस्टिनाबाईंनी विचारलं.

मी शिडीने वर जाऊन सगळ्यात बुटकं झाड मोजलं. एक मीटर एकेचाळीस. दर वर्षी एक याप्रमाणे फुटणाऱ्या फांद्यांच्या घेरांवरून ते वर्षाला नऊ सेंटिमीटर वाढत होतं. खाली येऊन मी म्हटलं, "अठरा वर्षांनी."

"म्हणजे मी शहाण्णवची."

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. मग कोपऱ्यातून करवत आणली आणि टेबल उलटं केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांची स्वतःची खुर्ची आधीच बुटकी झाली होती, टेबलाच्या चारही पायांवर पेन्सिलच्या खुणा होत्या आणि खाली भुसा पडला होता.

"किती कापायचं?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"अकरा. मग सगळं पूर्वीसारखं होईल," त्या म्हणाल्या. "तू इकडून धर. आणि उभीच राहा, तुझी खुर्ची अजून कापायची आहे."