सवतीच्या हातचं लोणी

शिया झाडाच्या बियांतून न्येबा काढायची त्या लोण्याला गावात मान होता. बाळंतिणीच्या घरी अंगाला चोळायला पहिली वाटी तिचीच जायची. मग तिच्या नवऱ्याने, झूमानाने, पेरणीआधी दुसरी बायको आणली. सितान नदीपलीकडची, हसरी. पहिल्याच मोसमात तिच्या हातचं लोणी असं पांढरंशुभ्र उतरलं की सासूने गुडघ्यांना चोळायला तेच मागितलं. त्या दिवशी बाजरी कांडताना न्येबाचं मुसळ असं पडत होतं की शेजारणीने विचारलं, उखळ फोडायचंय का.

सासूचं एक वेळ तिने गिळलं असतं. पण लोहाराची सून बाळंत झाली, आणि लोहारीण लोण्यासाठी वाटी घेऊन आली ती न्येबाच्या दारावरून पुढे जाऊन थेट सितानच्या दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सितान अंगणात दळलेल्या बियांचा तपकिरी लगदा मडक्यात घेऊन फेसायला बसली. मध्येच सासूने हाक मारली म्हणून ती उठून आत गेली. आसपास कोणी नव्हतं. न्येबाने चुलीवरचं उकळतं पाणी उचललं आणि सितानच्या गार पाण्याच्या घागरीत ओतलं; गरम पाण्यात लोणी धरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सितान परतली, घागर मडक्यात रिकामी केली आणि फेसू लागली. ऊन डोक्यावर आलं तरी लोणी वर येईना. बायका जमल्या. पहिल्या वेळी नशिबानं जमलं असेल, असं कुणीतरी कुजबुजलं. न्येबा दारात शेंगा सोलत बसली होती. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

तेवढ्यात सितानने सगळ्यांदेखत हाक मारली, "अक्का, माझ्यानं नाही होत. तूच हात घाल."

चारचौघींत नाही कसं म्हणणार? न्येबाने विहिरीचं ताजं गार पाणी मागवलं आणि कोपरापर्यंत हात बुडवले. शेजारी सितान. दोघींनी मिळून फेसलं. हळूहळू लगदा फिका पडला आणि पांढरा गोळा वर आला. हात तो न्येबाचाच, असं लोहारीण स्वतः म्हणाली.

संध्याकाळी विहिरीवर हात धुताना सितान हळूच म्हणाली, "घागरीतलं पाणी गरम होतं, अक्का. उचलतानाच हाताला लागलं."

न्येबाच्या तोंडचं पाणी पळालं. "मग ओतलंस कशाला?"

"आल्यापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. म्हटलं, लोणी बिघडलं तर निदान शेजारी येऊन बसशील."

न्येबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या लाजेखालीही जळणं होतंच. लोण्याचा रंग हिचा, हसणं हिचं, आता मोठं मनही हिचंच. माझ्या वाटणीला काय राहिलं?

जेवताना तिने माशाचा मोठा तुकडा सितानपुढे सरकवला. सितानने तो चवीने खाल्ला, बोटं चाटली, आणि ते बघून न्येबाला पुन्हा तिचा राग आला.