लोखंडाच्या आधीची काठी

मी काठी बोलतेय. दचकू नका, मी कुणाच्या पाठीत बसणाऱ्यांतली नाही. मुलांना वजन उचलायला शिकवणारी आहे मी.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, तेव्हा त्यालाही कोडं पडलं. "मॅडम, झाडूला एवढा लांब आणि जाड दांडा कशाला?"

"झाडूला नाही, यावर मुलं घडवायचीत," असं म्हणून मॅडम मला खांद्यावर टाकून निघाल्या.

त्यांची व्यायामशाळा म्हणजे गोदामामागचा पत्र्याचा हॉल. नवीन मुलं आली की त्यांची नजर थेट लोखंडी बारवर जायची, आणि हातात यायचे मी! त्यांचे चेहरे असे पडायचे की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

सगळ्यांत जास्त हिरमुसली ती तोफ. ती धावली की पत्रे हादरायचे, म्हणून हे नाव पडलं. तिचे वडील त्याच गोदामात हमाल. तेच तिला घेऊन आले. "पोरीच्या अंगात रग आहे, मॅडम. लवकर पदक आणेल."

"आणेल," मॅडम म्हणाल्या. "लवकरचं काही सांगत नाही."

मग कित्येक महिने तोफ मला डोक्यावर धरून उठाबशा काढत राहिली. टाचा जमिनीला, पाठ ताठ. शिवाय छोट्या धावा, खोक्यांवरून उड्या, कोलांट्या. "मी काय सर्कशीत आलेय?" अशी कुरकुर करायची. पण तिची पकड बदलत गेली. आधी गळा आवळल्यासारखी धरायची मला. पुढे तिचे हात आपोआप नेमक्या जागी पडू लागले. अखेर लोखंड हातात आलं तेव्हा तिने ते इतक्या सहज उचललं की बाकीची मुलं आपापला व्यायाम विसरून बघत राहिली. मला तर आनंद लपवता येईना.

पुढे स्पर्धा आली. अंग मोकळं करायला मॅडमनी मलाही सोबत नेलं. शेवटची उचल बाकी होती आणि दोन प्लेटा वाढवल्या तर पदक होतं. तोफेचे वडील धावतच आत आले.

"वाढवा की, मॅडम! तिच्या वयात मी पोती वाहत होतो."

"उचलेल ती," मॅडम म्हणाल्या, "पण पाठ वाकवून उचलेल. या वर्षी एकदम उंच झालीय, गुडघे दुखतायत. मला ती पंचविशीतही खेळताना बघायचीय."

"पंचविशी कुणी बघितलीय?"

मी मॅडमच्याच हातात होते. त्यांची मूठ किती आवळली ते मला कळलं. पदक कुणाला नको असतं?

तोफ हाताला पावडर चोळत होती. "बाबा, आहे तेवढंच राहू द्या," ती म्हणाली. "मला ते नीट उचलायचंय."

तिने उचललं. इतकं स्वच्छ की पंचांनी मान डोलावली. नंबर चौथा आला. वडील तिची वाट न बघता घरी गेले.

बरेच दिवस ते हॉलकडे फिरकले नाहीत. तोफ एकटीच यायची. मग एका संध्याकाळी ते कमरेवर हात ठेवून दारात उभे दिसले. "आज पोतं उचलताना कळ आली," म्हणाले, "बघू, ती काठीची उठाबस कशी करतात?"

त्यांनी मला डोक्यावर धरलं आणि अर्ध्यातच अडकले. मॅडम पुढे होणार, तोच तोफ जवळ गेली.

"बाबा, टाचा उचलू नका. सावकाश. जमेल तेवढंच."

ते थरथरत उभे राहिले. मला खाली ठेवेनात. "मला कुणी सांगितलं असतं गं असं, तुझ्या वयात," एवढंच म्हणाले.

आता तोफ पंचविशी ओलांडून गेलीय. पदकं आली. उशिरा आली, पण गुडघे आणि पाठ शाबूत राहून आली. मला मधोमध तडा गेलाय. मॅडमनी चिकटपट्टी गुंडाळलीय. तरी नवीन मुलं अजून माझ्याकडेच पाहून तोंड वाकडं करतात.

तुमच्या घरात अशी रग असलेली पोर असेल, तर तिला थोडी वर्षं द्या हो. बरं, येते मी. मुलं आलीत.