नारिंगी पत्र्याखालची लाल बिअर

आमच्या घरात माझ्या नवऱ्याच्या, लिंडसेच्या बिअरला अख्खी शेड आहे आणि माझ्या काचांना जेवायच्या टेबलाचं एक टोक. मी रंगीत काचा कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवते आणि खिडक्या करते. मागच्या हिवाळ्यात लिंडसेच्या जेवणात, खिमा भरलेल्या मीट-पायमध्ये हिरव्या काचेचा बारीक तुकडा निघाला. तेव्हापासून तो प्रत्येक घास उजेडात धरून बघतो आणि मगच तोंडात टाकतो, तेही मला दिसेल अशा बेताने. मी म्हटलं, मग शेडमधली उत्तरेकडची अर्धी बाजू दे मला, तिथे दिवसभर ऊन असतं. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. तर म्हणे, तिथे जुन्या फ्रीजमध्ये बिअर झोपलेली असते.

पैजेची गोष्ट नोव्हेंबरात सुरू झाली. केल्विन नोआक आमच्या बोल्स क्लबचा, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबचा अध्यक्ष आणि लिंडसेचा शाळेपासूनचा मित्र. हंगामाच्या शेवटच्या दिवशी क्लबच्या रंगाची, म्हणजे लाल बिअर असावी, असं त्याच्या मनात आलं. दोघं शेडमध्ये बसले होते आणि मी जेवायला बोलवायला गेले होते. लिंडसे म्हणाला, लाल लागर मी करतो, त्यात काय आहे. लागर म्हणजे थंडीत सावकाश मुरवायची बिअर. त्याचं ते "त्यात काय आहे" ऐकलं की माझं डोकं फिरतं.

"आणि नाही झाली लाल तर?" मी विचारलं.

"कुणाचीही मदत न घेता करीन. नाही जमली तर उत्तरेची अर्धी शेड तुझी, ग्लेनिस. केल्व, तू साक्षीदार."

त्या दिवसापासून हा माणूस दाणे चघळत हिंडू लागला. जवाला मोड आणून, वाळवून, कमीजास्त भाजलं की माल्ट होतं, आणि त्याचे प्रकार इतके की निवडता निवडता माणूस म्हातारा व्हावा. आमच्या गावाला चहूकडून जवाच्या शेतांचा वेढा, पण याचे दाणे ॲडलेडहून टपालाने येणार. पोस्टातली बाई मला विचारायची, कोंबड्या पाळल्यात का. खिशात दाणे, चपलेत दाणे, गादीवर दाणे. प्रत्येक दाण्याचा कुरुमकुरुम आवाज ऐकून तो मान डोलवायचा. रंगासाठी त्याने एकच मार्ग धरला होता, तो म्हणजे क्रिस्टल नावाचं गोडसर, खरपूस माल्ट घालत राहायचं. छोट्या छोट्या खेपा करून तो पेला वर धरायचा आणि मला हाक मारायचा. बिअर खरोखरच माणकासारखी लाल दिसायची. शेडची आशा मी जवळपास सोडून दिली होती.

तरीही जानेवारीअखेर, तो दाढीचं ब्लेड आणायला गेला असताना, मी टेप घेऊन शेडमध्ये गेले. माझं कामाचं टेबल कुठे बसेल एवढंच बघायचं होतं. बरोबर निळ्या काचेचा एक तुकडा नेला होता, त्या उजेडात तो कसा दिसतो ते पाहायला. तो दिसला शिळ्या वाटाण्याच्या सूपसारखा. मला वाटलं, भलताच तुकडा उचलला. बाहेर आले, तर निळा. आत गेले, तर पुन्हा सूप. मग मी वर पाहिलं.

मेन स्ट्रीटवरचं मासे-चिप्सचं दुकान पाडलं तेव्हा लिंडसेने त्याच्या छपराचा नारिंगी प्लास्टिकचा पत्रा फुकट मिळाला म्हणून आणला होता आणि शेडवर चढवला होता. आयुष्यात केलेली प्रत्येक बिअर त्याने त्याच पत्र्याखाली पाहिली होती. एकदा उतू गेलेल्या पातेल्यामुळे मी त्याला स्वयंपाकघरातून हाकललं होतं, त्यामुळे पेला कधी घरातही आला नव्हता. मी फ्रीजमधली बाटली उघडली, पेला भरला आणि बाहेर उन्हात धरला. मधाचा रंग. छान मधाचा रंग, पण लाल म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. शेड माझी होती. टेबल, पत्रा काढल्यावरचा उजेड, भिंतीवर ओळीने लावलेल्या काचा, सगळं मला दिसत होतं. पण मला लिंडसेही दिसत होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्या क्लबसमोर पेले भरणारा, आणि त्याचा चेहरा. मला त्याचा भयंकर राग आला. एवढा घोडा झाला, पण एकदा वर बघायला नको?

तो आल्या आल्या मी सांगून टाकलं. आधी म्हणाला, पेल्यात दोष आहे. मग पेला घेऊन बाहेर गेला, आत आला, बाहेर गेला. शेवटी माझ्या शेजारी पायरीवर बसला.

"केल्वला सांगू नकोस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या व्हरांड्यात, भर उन्हात, आम्ही जॅमच्या बरण्या मांडल्या. एकेक माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवायचं, गाळायचं आणि बरणी सूर्यासमोर धरायची. चव त्याची आणि नजर माझी, असं न ठरवताच ठरलं. व्हिएन्ना माल्टला बिस्किटाची चव होती, ते त्याने पाया म्हणून घेतलं. म्युनिक माल्टला पावाच्या कडेची चव, ते त्याच्या जोडीला. क्रिस्टलचा डबा मी उचलून बाजूला ठेवला, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं कुत्रं बाहेर बांधलं.

"जितकं घालतोयस तितकं ते तपकिरीच होतंय," मी म्हटलं. "थोडं काळं लागेल. अगदी थोडं."

कोळशासारखे काळे भाजलेले जव त्याच्याकडे होते, पण त्याला भीती की बिअरला कॉफीचा वास येईल. मी चमचाभर घातले तर चव घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. अर्धा घातला तर रंग मला पटेना. बरणीवर बरणी चालली. आम्ही भांडलो, दुपारी गार झालेले मीट-पाय खाल्ले, पुन्हा भांडलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा एका बरणीत तांबूस रंग असा उजळला की दोघांनीही एकदम बरणीला हात घातला. किती तरी वर्षांत आम्ही एवढा वेळ एकत्र घालवला नव्हता, आणि मला फार मजा आली होती. पैजेचा विषय कुणीच काढला नाही.

मग ती बिअर जुन्या फ्रीजच्या थंडीत आठवडेच्या आठवडे झोपली. दाराजवळून गेलं तरी लिंडसे मला हळू चाल म्हणायचा.

क्लबचा दिवस उजाडला, आणि आम्ही पोचलो तर समोर केल्विनने क्लबच्या रंगाचा मंडप उभारलेला. लालभडक ताडपत्री, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्याखाली लेमोनेड लाल, बटाट्याचं सॅलड लाल, केल्विनचं टक्कल लाल. लिंडसेने पहिला पेला भरला, आणि तो लेमोनेडच्या पेल्यापासून वेगळा ओळखू येईना. लोक प्यायले, छान म्हणाले, रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला हसू आवरेना आणि त्याच्याकडे बघवेना.

तो पेला घेऊन मंडपाच्या कडेला गेला. पुढे क्लबचं हिरवळीचं मैदान, कापलेलं, दाबलेलं, केल्विनच्या जिवापेक्षा प्यारं.

"लिंडसे," केल्विन म्हणाला, "बूट."

लिंडसेने बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तसाच तो मैदानाच्या मधोमध गेला आणि पेला सूर्याकडे धरला. बिअर लाल होती. मंडपातले सगळे कडेला येऊन उभे राहिले, आणि कुणीतरी शिट्टी मारली. आता त्याने नुसतं हसायचं होतं, शेड कायमची त्याची झाली असती.

"रंग ग्लेनिसचा आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माल्ट तिने निवडलेत."

केल्विनने हातातला पेला टेबलावर ठेवला. "म्हणजे मदत घेतलीस. म्हणजे हरलास तू. कळतंय ना?"

"शेड माझी, केल्व. हरायची तर मीच हरणार ना."

मी सँडल काढल्या आणि हिरवळीवर गेले. त्याने पेला माझ्या हातात दिला, आणि मी प्यायच्या आधी तो नीट उजेडात धरून बघितला.

"काच नाही त्यात," लिंडसे म्हणाला.