चौथाईने लहान

फाइल कॉम्प्रेस करायची एक नवी रीत अप्पांनी शोधून काढली होती. जुन्या रीतीपेक्षा फाइल चौथाईने लहान व्हायची, आणि परत उघडली की अक्षर न् अक्षर जागच्या जागी. ती जगाला फुकट द्यायची, ज्याला हवी त्याने वापरावी, हवी तशी बदलावी, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. बायको गेल्यापासून हे सगळं ऐकून घेणारं एकच माणूस उरलं होतं, ती लेक.

लेक एका बड्या कंपनीत पेटंटचं काम बघायची. दर रविवारी यायची, शेजारी बसून खोदून खोदून विचारायची. अप्पा बिचारे हरखून जायचे. पोरीला बापाचं कौतुक, आणखी काय हवं? रीत जाहीर करायचा दिवस ठरला, तर ही त्याच रीतीने लहान केलेली एक फाइल घेऊन हजर.

"अप्पा, ही उघडतच नाहीये बघा. घाई केलीत तर लोक नावं ठेवतील."

कामात खोट म्हटली की अप्पांना अन्न गोड लागत नसे. चार महिने त्या फाइलीमागे ते हात धुऊन लागले. चूक काही सापडेना.

मग लेकच कंपनीचा कागद घेऊन आली. रीतीच्या पेटंटसाठी कंपनीचा अर्ज दाखल झाला होता, शोध लावणारी म्हणून लेकीचं नाव. अप्पांनी ती कुणालाही द्यायची नाही, अशी लेखी हमी हवी होती.

"आणि ती फाइल?"

"मीच बिघडवून आणली होती. अर्ज जाईपर्यंत तुम्हाला थोपवायला नको?"

"मी कोर्टात जाईन!"

"जा ना. माझ्याशिवाय एक ओळ तरी कुणाला दाखवलीत का? पुरावा कुठंय? आणि लेक चोर आहे म्हणून सांगणार?" ती शांतपणे म्हणाली. "घरी खुशाल वापरा. तेवढी परवानगी काढलीये मी."

असल्या कार्टीला दाराबाहेर काढायला हवं होतं. अप्पांनी सही केली.

"कंपनीतल्या लोकांना आवडली का गं?"

"खूप. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या."

अप्पांचा चेहरा क्षणभर खुलला, आणि लगेच त्यांना स्वतःचीच किळस आली.

लेकीने कागद पर्समध्ये घातला, पण उठली नाही. "हं, सध्या नवीन काय चाललंय डोक्यात?"

आठवडाभरात अप्पांशी दुसरं कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि सांगायला सुरुवात केली.