अडकित्त्याचं वैर

मी अडकित्ता बोलतोय. श्रीवर्धनच्या हुस्नबानूच्या पानाच्या डब्यातला. अंग पितळेचं, धार पोलादाची. गोड बोलायला मी शिकलो नाही.

हुस्नबानूच्या सासऱ्याने मला घडवून घेतलं. या घरात रीत एकच. पाहुण्याशी बोलणं पक्कं झालं की घरची बाई सुपारी कातरून देते. त्याआधी पाहुण्याने मला हात लावायचा नाही.

माझं वैर फकरुद्दीनशेटशी. त्याच्या वाडीत त्याच्या आजोबांनी बांधलेली विहीर होती. पाण्यापर्यंत पायऱ्या, वर दगडात आजोबांचं नाव. सगळी आळी खाली उतरून पाण्यात उभी राहायची आणि घागरी भरायची. नारू झालेले पायही त्याच पाण्यात; त्यांतून किड्याची पिल्लं पाण्यात उतरायची आणि पिणाऱ्याच्या पोटात जायची. हुस्नबानूची लेक गुलबानू पंधराची होती. तिच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघाला, काडीला गुंडाळताना तुटला. पाय सुजला, ताप चढला, पोर गेली.

तिचा भाऊ नझीर मुंबईला डॉक्टरी शिकत होता. बहिणीला माती देऊन तो थेट शेटकडे गेला. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, लोकांना रहाटाने पाणी काढू द्या, म्हणाला. शेटचं उत्तर त्याने घरी येऊन सांगितलं : "चार बुकं शिकलास म्हणून आज्याच्या पायऱ्या मोडू? असल्या पोरी मरतातच."

ते शब्द मी विसरलो नाही.

नझीर डॉक्टर झाला. गोळ्या देत बसायचं नाही, रोग उगवतो तिथेच तोडायची विद्या शिकायची, असं त्याने ठरवलं. ती विद्या परदेशात. लंडनची पदवी सरकारदरबारी चालायची, पण खर्च घरचा. अमेरिकेची एक संस्था सगळा खर्च देणार होती. अट अशी, की परतल्यावर आरोग्यखात्यात खेडोपाडी नोकरी करायची. त्याचे मुंबईचे गुरुजी म्हणाले, "अमेरिकेच्या पदवीला इथे कोण विचारतो? जन्मभर खालच्या जागेवर राहशील."

नझीर अडला. शेटला याची कुणकुण लागली आणि तो घरी आला.

"लंडनचा खर्च माझा. परत येऊन माझ्या नावाचा दवाखाना चालव. फक्त विहिरीचं नाव काढायचं न्हाय." एवढं बोलून त्याने मला उचललं आणि सुपारी कातरायला घेतली.

हुस्नबानूने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "फकरुद्दीनभाई, इथं अजून ठरलंय काय?"

"पोराला लंडन नको हाय?"

"पोरालाच विचारा."

नझीर म्हणाला, "लंडनला गेलो तर साहेब होईन, चाचा. अमेरिकेला गेलो तर तुमच्या विहिरीवर येईन."

शेट पान न खाता उठला.

नझीर अमेरिकेला गेला, शिकून आला. गुरुजींचं खरं ठरलं, बढती मिळाली नाही. पण १९३४ साली आमच्या भागातल्या विहिरी तपासायचं काम त्याच्याकडे आलं. पहिला हुकूम कोणत्या विहिरीचा निघाला, ते सांगायला नको.

गवंडी पायऱ्या फोडून कठडा बांधू लागले, तेव्हा शेट काठी टेकत आमच्या ओटीवर आला. "नझीर, आजोबांचा दगड तरी ठेव."

"ठेवलाय, चाचा. कठड्यात चिणलाय. नाव आतल्या बाजूला हाय, कुणाला दिसायचं न्हाय."

"एवढा डूख धरलास?"

हुस्नबानूने शेटला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता आळीत नारू नाही. लोक नझीरला पुण्यवान म्हणतात. म्हणोत. मी त्याला सूड म्हणतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझा खिळा सैल झालाय. हुस्नबानूचे दात गेले, मी डब्यात पडून असतो. शेटची नातवंडं धडधाकट पायांनी वाडीत धावतात, ती मला ऐकू येतात. धावोत. पण हे त्यांच्यासाठी केलं, असं कोणी म्हणू नका. केलं ते गुलबानूसाठी.