पाठमोऱ्या सम्राटाचं वाक्य

यशोधरा सिनेमात बघायची ती नटांच्या ओठांकडे. ते कुठे मिटतात आणि कुठे उघडतात, यावर तिचं पोट होतं. प, ब, म आलं की ओठ मिटणारच, मग बोलणारा रोमचा असो की बदलापूरचा. परदेशी सिनेमांना मराठी बोलायला लावायचं काम ती नऊ वर्षं करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नव्हतं. मुंबईतही फार नसावेत, असं तिचं स्वतःचं मत. ते काही खोटं नव्हतं.

या वेळचा सिनेमा सत्तर वर्षांपूर्वीचा, साडेतीन तासांचा. रथ, सिंह, मशाली, हजारोंची गर्दी आणि भुयारात लपून प्रार्थना करणारे येशूचे पहिले अनुयायी. नायक टायटस हा गुलाम बाईच्या पोटी जन्मलेला, तलवारीच्या जोरावर सरदार झालेला. शेवटी तो ख्रिस्ती होतो आणि भर दरबारात सम्राटाला तसं सांगतो. पडदाभर चेहरा आणि एकच वाक्य. बाकीचा सगळा खटाटोप त्या वाक्यासाठी केलेला.

यशोधराने लिहिलं होतं, 'मी दीक्षा घेतली.' तिच्या घरात या गोष्टीला दुसरा शब्दच नव्हता. आजोबांनी छप्पन साली घेतली ती दीक्षा, दरवर्षी दसऱ्याला घरात आठवण निघते ती दीक्षेची. हात न थांबता तिने ते लिहून टाकलं आणि पुढच्या सीनला गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती ओठ बघायला विसरली.

ही चूक पकडली शलाकाने. शलाका चॅनलची माणूस. फायनल तीच करायची, व्हिडिओ कॉलवरून. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर महेशचा छोटा स्टुडिओ होता. तिथल्या स्क्रीनवर दुपारी तीन वाजता तिचा चेहरा उगवला.

"यशोधरा, टायटसचे ओठ सुरुवातीला दोनदा मिटतात. तुमच्या वाक्यात एकदाच मिटतात. दीक्षा-बिक्षा बसतच नाही तिथे."

यशोधराने तो तुकडा पुन्हा बघितला. शलाकाचं बरोबर होतं. फार राग आला तिला, आणि तो स्वतःचाच आला.

"'बाप्तिस्मा झाला' करू?"

"त्यात तीनदा मिटतात. 'मी बाटलो' घ्या. म आणि ब, एकदम फिट. शब्द जुना आहे, पिरियड सिनेमाला शोभतो."

काचेपलीकडे माइकसमोर सुदामकाका उभे होते. विठ्ठलवाडी डेपोत तीस वर्षं कंडक्टर होते, आता टायटसचा आवाज. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी हा शब्द लिहिणार नाही," यशोधरा म्हणाली.

"मग दुसरा द्या. पाचला रील जायला हवं. नाहीतर आमच्याकडचे लेखक करतील. पुढचे तीन सिनेमेही मग त्यांच्याकडेच जातील." शलाका हे उर्मटपणे म्हणाली नाही. तिच्या घराण्यातल्या कोणाच्या तोंडावर तो शब्द कधी फेकला गेला नव्हता, एवढंच. यशोधराच्या आजोबांना गावात मरेपर्यंत 'बाटगा' म्हणत होते.

"काका, तुम्ही म्हणाल असं?"

"कागदावर असेल ते म्हणेन, पोरी. आवाज माझा, शब्द तुझा."

झालं! म्हणजे सगळं हिच्याच गळ्यात. यशोधराने खुर्ची स्क्रीनला चिकटवली आणि तो तुकडा वीस वेळा तरी बघितला. मी बाटलो. मी बाटलो. विसाव्या वेळी तिच्या लक्षात आलं की हा शब्द खोटाच आहे. मान ताठ ठेवून 'मी बाटलो' असं कोणी म्हणत नाही. तो बाटला, ती बाटली, ते सगळे बाटले. हे दुसरे म्हणतात. मग इथे म्हणणारा दुसरा कोण?

टायटसच्या आधी सम्राट एक प्रश्न विचारतो. आणि विचारताना त्याची कॅमेऱ्याकडे पाठ आहे. पाठीला कुठले आलेत ओठ!

तिने पेन उचलून दोन ओळी लिहिल्या आणि कॅमेऱ्यासमोर धरल्या. सम्राट: 'तू बाटलास?' टायटस: 'मी माणूस झालो.'

"तुमचा शब्द ठेवलाय," ती म्हणाली. "ज्याचा आहे त्याच्या तोंडात ठेवलाय. मी, माणूस, दोन म. ओठ मोजा."

शलाकाने मोजले. "अक्षरं जास्त होतात."

"गिळतो की," सुदामकाका म्हणाले.

सम्राटाचा आवाज महेशचाच होता. पण महेश स्वभावाने मऊ. त्याने 'तू बाटलास?' असं विचारलं की 'चहा घेणार का?' वाटावं. दोन टेक वाया गेले.

"ताई, जमत नाही यार. तुमच्यासमोर कैसे बोलूँ?"

"लहानपणी ऐकलं असेल ना कोणाकडून? तसंच म्हणा."

महेश पुन्हा माइकपाशी गेला आणि म्हणाला. इतकं बरोबर, इतकं सहज आलं ते, की स्टुडिओतल्या तिघांनाही ते लागलं. महेशचा चेहरा उतरला.

"आजी म्हणायची," तो हळूच म्हणाला.

"वाटलंच मला. हाच टेक ठेवा," यशोधरा म्हणाली. "काका, तुम्ही."

सुदामकाकांनी ओठ मिटले, उघडले. "मी माणूस झालो." ना जोर, ना कंप. टायटसचं तोंड आणि काकांचा आवाज असे जुळले की शिवण दिसेना.

"छान!" शलाका म्हणाली. "पण एक अजून घेऊ. थोडा राग आणा ना. एवढा अपमान झालाय त्याचा."

सुदामकाकांनी हेडफोन काढला.

"नाही मॅडम. माझा बाप हे वाक्य जन्मभर बोलला. कोणी नाव विचारलं की आपण नाव सांगतो ना, तसंच सांगायचा. राग समोरच्याला यायचा."

शलाकाने तो तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. पाचला अजून वीस मिनिटं होती.

"यशोधरा," ती म्हणाली, "पुढचे तीन सिनेमे उद्या पाठवते. त्यात असे शब्द असतील, तर आधी मला सांगा. मला कळत नाहीत ते."