गोल शिक्क्याचा कागद

“सर, फोटो एक लागते का दोन?”

मी फळ्यावर ‘माय फ्यूचर करिअर’ लिहीत होतो. शेवटचं अक्षर अर्धवट राहिलं. खिडकीच्या गजांतून एक हात आत आला होता आणि त्या हातात प्लास्टिकची पिशवी लटकत होती. हात मालनबाईचा. माझ्या नववीतल्या रुचिताची आई. धानाच्या रोवणीचे दिवस, सकाळचे साडेअकरा, बाई या वेळी चिखलात असायला हवी होती आणि ती शाळेच्या खिडकीशी उभी.

“कसला फोटो?” मी विचारलं.

“फारमाले जी. काल तुमी रुचिताजवळ देल्ला ना, तो. इश्वरभाऊ म्हणते का दोन लागते, अन् आधारची झेराक्स वेगळी.”

मी खिडकीशी जाऊन बाहेर पाहिलं. व्हरांड्यात पंधरा-सोळा माणसं ओळीनं उभी होती. कुणाच्या हातात राशन कार्ड, कुणाकडे जातीचा दाखला. एका म्हातारबाबानं सातबारा आणला होता. नवव्या वर्गाच्या इंग्रजीच्या गृहपाठाला सातबारा!

मी कपाळाला हात लावला. कपाळावर खडू उमटला आणि वर्ग हसला.

चूक माझीच होती, म्हणजे निम्मी माझी. उरलेली निम्मी भंडाऱ्याच्या ट्रेनिंगची. गोंदिया वेगळं होऊन जिल्हा अर्धा झाला, पण ट्रेनिंगं काही अर्धी झाली नाहीत. या खेपेला तीन दिवसांचं होतं. माझ्या मुलाच्या वयाचा एक ट्रेनर आम्हाला शिकवत होता की, मुलांना भविष्याबद्दल इंग्रजीत बोलतं करा, घरी चर्चा करायला लावा, बोलण्यासारखं काही असलं की भाषा आपोआप येते. चहाबरोबर हे सगळं मी ऐकून घेतलं. पण मनात कुठंतरी ते लागलं. सव्वीस वर्षं मी या शाळेत इंग्रजी शिकवतोय आणि सव्वीस वर्षं एकच वाक्य ऐकतोय. ‘आय वॉन्ट टू बिकम अ डॉक्टर बिकॉज आय वॉन्ट टू सर्व्ह द पुअर पीपल.’ एका दमात, छतावरच्या पंख्याकडे बघत. गाइडात तेवढंच दिलेलं असतं. ज्यांना डॉक्टर जमत नाही ते टीचर म्हणतात. माझ्या हातून असे पाचेकशे डॉक्टर गेले असतील. त्यातला दवाखान्याच्या सगळ्यात जवळ पोचला तो पवनीच्या मेडिकल दुकानात काउंटरवर उभा असतो. आणि ज्या गरीब लोकांची सेवा करायची ते गरीब लोक म्हणजे हेच, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून मी चार प्रश्नांचा कागद केला. तुमचं नाव. तुम्हाला काय व्हायचंय. का व्हायचंय. त्यासाठी मदत कोण करेल. घरी बसून बोला, खरं काय ते लिहून आणा, मग आपण ते इंग्रजीत करू. पवनीत टाइप करून घेतला, झेरॉक्स काढल्या आणि कापायला नत्थूकडे दिल्या.

नत्थू आमचा चपराशी. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेला, बिचारा नेक माणूस, पण त्याचा एक नेम आहे. शाळेचा कागद शिक्क्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. त्यानं एक्केचाळीस कागदांवर निळा गोल शिक्का मारला, एकसुद्धा वाकडा नाही. एवढ्यावर थांबला असता तर नत्थू कसला? प्रत्येकावर नंबर टाकला, एक ते एक्केचाळीस.

आता आमच्या गावात गोल शिक्का, नंबर आणि वर नाव लिहायची रेघ, असा कागद एकाच गोष्टीचा असतो. योजनेचा. घरकुल तसंच आलं, संडास तसाच आला. आणि ज्यानं कागद हातात घेऊन ‘हे कायचं हाये?’ म्हणून विचारत बसायचं ठरवलं त्याचं नाव यादीत आलं नाही, हा त्यांचा पक्का अनुभव. त्यामुळे त्यांनी विचारलं नाही, भरून आणलं.

मी वर्ग तसाच सोडून व्हरांड्यात आलो.

“हे पहा, ही योजना नाही. हा गृहपाठ आहे. पोरांचा इंग्रजीचा अभ्यास.”

कुणी हललं नाही. इश्वरभाऊ पुढे आला. त्याचा कैलाश माझ्याच वर्गात.

“मंग शिक्का कायले मारला, सर?”

“नत्थूनं मारला.”

“नंबर?”

“तोही त्यानंच टाकला.”

“म्हणजे नंबर लागन ना मंग?”

मी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. तुम्हाला काय व्हायचंय, याच्यापुढे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘जे निघन ते’. का व्हायचंय, ‘गरज हाये’. मदत कोण करेल, ‘शासन’. खाली कैलाशच्या बापाची सही आणि कैलाशचा अंगठा.

“अरे, त्याले लिहिता येते ना! अंगठा कायले घेतला?” माझी शुद्ध मराठी राग येईपर्यंतच टिकते.

“दोन्ही असलेलं बरं राह्यते,” इश्वरभाऊ शांतपणे म्हणाला.

पुढची वीस मिनिटं मी घसा फोडला. हेडमास्तर ऑफिसच्या दारातून डोकावले आणि हे आपलं काम नाही हे ओळखून आत गेले. लोकांनी माझं सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि जाताना एकेकानं कागद माझ्या हातात दिला. “ठेवून तं घ्या, सर. आलं तं आलं.” सातबाऱ्याच्या म्हाताऱ्यानं सातबाराही ठेवला. तो मी धावत जाऊन त्याच्या खिशात कोंबला.

मालनबाई मात्र गेली नाही. ती पायरीवर बसून होती.

“मालनबाई, ऐकलं ना तुम्ही? योजना-बिजना काही नाही.”

“ऐकलं जी. रुचिताचं राहू द्या मंग.” तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. “पन एक फारम मोठीचा भरून द्या. प्रतिक्षाचा. तुमी म्हन्ता तसा अभ्यासाचाच भरा, काई हरकत नाही.”

कागद उघडून माझ्या हातात दिला. दहावीची मार्कशीट, तीन वर्षांपूर्वीची. घड्यांवर फाटायला आली होती, मागून चिकटपट्टी लावलेली. बाकी सगळ्या विषयांत पास. इंग्रजीत नापास.

“एकाच विषयात राह्यली पोरगी,” मालनबाई म्हणाली. “तवापासून माह्यासंगच येते रोवाले. मी म्हन्लं, सरांजवळ लिस्ट चालू हाये, तं सर तिचं नाव सोडनार नाहीत. तुमचा लय भरोसा हाये आमाले.”

मी मार्कशीटवरचा इंग्रजीचा आकडा पाहिला. तिथं फक्त एकूण गुण असतात. लेखी किती, तोंडी किती, ते मार्कशीटवर येत नाही. ते मला माहीत होतं.

तोंडी परीक्षा शाळेतच होते आणि मीच घेतो. वीस गुण. मी कुणालाही अठराच्या खाली देत नाही, कुठल्याच शाळेत देत नाहीत. त्या दिवशी सकाळपासून सदतीस डॉक्टर आणि टीचर ऐकून माझं डोकं फिरलं होतं. प्रतिक्षा आली, उभी राहिली. व्हॉट डू यू वॉन्ट टू बी? ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग तिनं मला विचारलं, “सर, खरं सांगू का इंग्रजी सांगू?”

मागच्या पोरी फिस्सकन हसल्या. मला वाटलं, पोरगी माझी फिरकी घेतेय. मी ओरडलो, “बस खाली!” आणि नऊ लिहिले. रागाच्या भरात लिहिलेला आकडा संध्याकाळी सुधारता आला असता. नाही सुधारला. तेव्हा गाडी नव्हती, मला साडेपाचची बस पकडायची होती. निकाल लागला तेव्हा कळलं की आणखी नऊ मिळाले असते तर ती सुटली असती. कळलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. आज तिची आई त्याच मार्कशीटला चिकटपट्टी लावून माझ्या भरवशावर पायरीवर बसली होती. मला स्वतःची इतकी चीड आली की मी नत्थूवरच खेकसलो, “दहावीच्या ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेचे फॉर्म कुठं ठेवलेस?”

“हायेत ना सर, कपाटात. शुक्रवार लास्ट डेट हाये,” तो म्हणाला. “शिक्का मारून ठेवले.”

मालनबाईला म्हणालो, “हा खरा फॉर्म आहे. एकाच विषयाचा. तिची सही लागेल.”

“मी मारतो ना अंगठा.”

“नाही, तिचीच.”

“मंग चला जी. तरयाच्या खाली हाये, धानाच्या बांधीत.”

पुढचे तास दुसऱ्याला देऊन मी गाडी काढली. मालनबाई मागे बसायला तयार होईना. “तुमी व्हा पुढं, मी येतो पायी,” म्हणाली. तलावाच्या पाळीवर गाडी लावून मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून चालत गेलो, बूट हातात घेऊन. आठ-दहा बाया ओळीनं वाकून रोवत होत्या. मास्तर बघून गाणं थांबलं.

“प्रतिक्षा, तुह्ये सर आले पाह्य!”

ती ओळीतून उठून आली. चेहरा ओळखीचा होता, पण हात पुरे बाईमाणसाचे झाले होते. धुऱ्याशी साचलेल्या पाण्यात तिनं हात धुतले.

“माय आली होती का शाळेत? मी म्हन्लं होतं तिले, नोको जाऊ म्हणून.”

मी फॉर्म पुढे केला. ऑक्टोबरमध्ये बस, मी शिकवतो, रविवारी शाळेत ये, असं बरंच काही बोललो. ती ऐकत होती. बोलता बोलता माझं बोलणंच संपलं आणि जे बोलायला आलो होतो तेवढं उरलं.

“तोंडीत मी तुला नऊ दिले होते.”

“माहीत हाये जी.”

“कसं?”

“नत्थूकाकानं सांगतलं होतं तवाच.” तिनं मागे पाळीकडे पाहिलं. मालनबाई अजून लांब होती, डोक्यावर पिशवी धरून येत होती. “मायले सांगू नका, सर. ते तुमाले लय मानते.”

तीन वर्षं हिला माहीत होतं. तीन वर्षं ही रस्त्यात भेटली की ‘जयभीम सर’ म्हणायची आणि मी ‘कसं काय, बरं आहे ना?’ म्हणून गाडी पुढे काढायचो. मला त्या धुऱ्यावर उभं राहवेना.

“त्या दिवशी तू काय सांगणार होतीस?” मी विचारलं. “खरं?”

तिनं आठवून बघितलं. मन लावून आठवलं, परीक्षेत आठवतात तसं.

“आता ध्यानात नाही, सर. होतं काहीतरी.”

मी पेन दिला. मार्कशीटची घडी खाली आधाराला धरून तिनं सही केली. इंग्रजीत केली, सावकाश, एकेक अक्षर लावत. ती सही तिच्या वर्गाला मीच शिकवलेली, नववीत असताना, दाखल्यासाठी. कागदाच्या कोपऱ्याला जरा चिखल लागला तर तिनं तो पदरानं पुसला.

“सर, तोंडी कोन घेते?”

“मीच.”

“मंग आताच सांगून ठेवा,” ती म्हणाली. “डॉक्टर सांगू का टीचर?”

थट्टा करते आहे असं वाटून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. तिला पास व्हायचं होतं आणि मी काय शिकवलं ते तिच्या चांगलं ध्यानात होतं. सव्वीस वर्षं मी एकेका पोराला उभं करून हाच प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही की ओरडलो. आता मला उत्तर येईना आणि माझ्यावर ओरडायला कुणी नव्हतं.

“वेळ आहे अजून,” मी म्हणालो.

“बरं जी.”

ती परत चिखलात उतरली. बाया तोवर चार हात पुढे सरकल्या होत्या. हिरव्या रोपांच्या मधोमध तिच्या वाट्याची पट्टी तेवढी मोकळी होती, नुसतं गढूळ पाणी. तिनं रोपांची पेंडी सोडली आणि वाकून ती पट्टी भरायला लागली.